मुदत मागण्याची भाषा : मुलाखतीची तारीख बदलून मागणाऱ्या पत्राचा एक विचार

पदव्युत्तर शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात असलेला तरुण ज्या पत्राची वाट पाहत असतो, ते पत्र पुष्कळदा अवेळी येते. मुलाखत परवा सकाळी अकरा वाजता, मुंबईस किंवा पुण्यास. आणि पत्र हाती पडते ते आज सायंकाळी, नांदेडला किंवा लातूरजवळच्या एखाद्या गावी. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने जावे अथवा लातूरहून सुटणाऱ्या गाडीने जावे, एक रात्र प्रवासातच खर्ची पडते. उरलेल्या वेळात संस्थेची माहिती मिळवायची, आपल्याच प्रबंधाकडे पुन्हा एकदा परक्याच्या दृष्टीने पाहायचे, संभाव्य प्रश्नांची उत्तरे जुळवायची. अशा वेळी आणखी आठ दिवस मागून घ्यावेत असे मनात येणे स्वाभाविक आहे. आणि ते न मागणे हेही, आमच्या अनुभवाप्रमाणे, तितकेच स्वाभाविक आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने अशा पत्राचे तीन मसुदे केले, तिन्ही फाडले, आणि अखेरीस ती मुलाखतीला गेलीच नाही. पुढे केव्हातरी तिने ते मसुदे तोंडी सांगितले. पहिला हुकमासारखा वाटत होता, दुसरा याचनेसारखा, आणि तिसऱ्यात धडधाकट आजीला आजारी पाडलेले होते. अडचण धैर्याची होती तितकीच ती भाषेचीही होती, हे तेव्हा ध्यानात आले.

मराठीत मुदत मागण्याची साधने कोणती, ती कोठून आली, आणि त्यांपैकी कोणते साधन कोणाच्या तोंडी काय अर्थ घेते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नोकरी कशी मिळवावी हे सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही.

आरंभ शब्दांपासून केलेला बरा. अर्ज, मुदत, तारीख, मुलाखत, मंजूर हे या व्यवहारातले सर्व मुख्य शब्द अरबी मुळाचे असून फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. शिवकालात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग झाला. तरी हे शब्द जनव्यवहारातून हलले नाहीत. यांतील ‘मुलाखत’ हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. मूळ अरबीत तो परस्परक्रियेचा वाचक आहे : दोघांनी एकमेकांना भेटणे. उर्दूत तो आजही साध्या भेटीसाठी वापरतात. मराठीत मात्र एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तरे द्यायची असा एकेरी अर्थ त्याला चिकटला, आणि त्याबरोबर त्यातील बरोबरीचा भाव गेला. ‘मंजूर’ याचा मूळ अर्थ ‘पाहिलेले’, नजरेखालून गेलेले. वरिष्ठाने पाहिले म्हणजे झाले, ही कल्पना त्या शब्दात गोठून राहिली आहे. आणि आपल्याकडे ‘साहेब, तेवढे बघा’ असे जे म्हणतात त्यातही तीच आहे.

मराठवाड्यात या शब्दांचे आयुष्य थोडे निराळे गेले. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 पासून तो महाराष्ट्रात आहे. म्हणजे येथील जुन्या पिढीने कचेरीत जी भाषा ऐकली ती घरची नव्हती. पुढे मराठी ही राजभाषा झाली, 1964 चा राजभाषा अधिनियम आला, आणि कचेरीत मराठी आली. परंतु ‘करण्यात यावे’, ‘सादर करण्यात येत आहे’ अशा वळणाची ती मराठी पुन्हा घरची नव्हतीच. लातूर-उदगीरकडे ‘येऊलाले’, ‘करूलालो’ अशी रूपे सहज बोलणारा मुलगा फोनवर संस्थेच्या कार्यालयाशी बोलू लागला की प्रत्येक क्रियापदाशी अडखळतो. आपली विनंती उद्धट ठरेल की आपली बोली हास्यास्पद ठरेल, या दोन भयांत तो फरकही करू शकत नाही.

मुदत मागण्याची एक रूढ, निःसंकोच जागा मात्र आपल्या समाजात आहे, ती म्हणजे न्यायालय. नांदेडच्या काय किंवा लातूरच्या काय, कोणत्याही न्यायालयाच्या आवारात ‘मुदतीचा अर्ज’ ही नित्याची वस्तू आहे. तो देताना कोणी लाजत नाही. कारण मागणाऱ्याचा व देणाऱ्याचा संबंध तेथे नियमाने बांधलेला आहे : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशाप्रमाणे पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि 1 जुलै 2002 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे दाव्याच्या सुनावणीत एका पक्षास तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी मिळू नये असे बंधन आहे. ते बंधन व्यवहारात किती पाळले जाते, हा प्रश्न वकील मंडळींवर सोपवू. आपला मुद्दा इतकाच की नियम असला म्हणजे मागणी ही मागणाऱ्याच्या स्वभावाचे लक्षण ठरत नाही. मुलाखतीच्या बाबतीत असा नियम बहुधा नसतो. तेथे उमेदवाराचे पत्र हीच त्याची पहिली ओळख असते, आणि नियमाने करावयाचे सर्व काम वाक्यरचनेला करावे लागते.

आता ही वाक्यरचना पाहू. सर्वांत उघडे रूप आज्ञार्थाचे : ‘मला मुदत द्या.’ येथे क्रियापदाचे रूप ऐकणाऱ्याशी जुळते. वाक्याचा सगळा भार त्याच्यावर पडतो. त्यामागे ‘कृपया’ लावले की पुष्कळांना काम झाले असे वाटते. पण ‘कृपया’ने क्रियापद बदलत नाही, आज्ञार्थ आज्ञार्थच राहतो. शिवाय हा शब्द आपल्याकडे बोलण्यात जवळजवळ नाहीच. तो पाट्यांवरचा शब्द आहे. ‘कृपया चपला येथे काढाव्यात’ हे वाचून कोणास विनंती केल्यासारखे वाटत नाही.

दुसरी पायरी विध्यर्थाची : ‘आपण मला मुदत द्यावी.’ व्याकरणाच्या दृष्टीने हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद आता ‘मुदत’ या कर्माशी जुळते, आणि म्हणून कर्ता गाळता येतो : ‘मुदत द्यावी.’ ऐकणारा वाक्यातून एक पाऊल मागे सरला. तिसरी पायरी याहून पुढची आहे : ‘मला मुदत मिळावी.’ येथे ‘देणे’ जाऊन ‘मिळणे’ आले. देणारा गाळलेला नाही. त्याला वाक्यात जागाच नाही. पाऊस पडावा, तशी मुदत मिळावी. मराठीतील देणे-मिळणे, करणे-होणे, पाठवणे-पोहोचणे अशा जोड्या सौजन्याच्या दृष्टीने किती उपयोगाच्या आहेत याचा विचार आपल्या व्याकरणांतून फारसा झालेला नाही. या रचनेचा लाभ दोन्ही बाजूंना होतो. मागणाऱ्याला कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही. आणि नकार द्यायचा झाल्यास समोरच्यालाही ‘मी देत नाही’ असे म्हणावे लागत नाही, ‘मुदत मिळू शकत नाही’ एवढे पुरते. नकारातही कोणी नकार दिलेला नसतो.

‘बदलणे’ हे क्रियापद तर या कामासाठीच घडले असावे असे वाटते. ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘तारीख बदलली’ या वाक्यावरून कोणी बदलली की आपोआप बदलली हे कळत नाही. ‘तारीख बदलावी’ यातही तीच सोयीची संदिग्धता आहे. उलट ‘मुलाखत पुढे ढकलावी’ या प्रयोगात ‘ढकलणे’ हे ढकलणाऱ्याशिवाय होत नाही. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका रुळवला आहे की त्यातील धक्का आपल्याला जाणवेनासा झाला, तथापि पत्रात तो जाणवतो. ‘पुढची तारीख मिळावी’ हे त्यापेक्षा केव्हाही सरस.

येथे एका सापळ्याचा निर्देश करणे अवश्य आहे. ‘माझी मुलाखत पुढील तारखेस घेण्यात यावी’ हे वाक्य उमेदवारांना अत्यंत सभ्य वाटते, कारण ते शासकीय वाटते. परंतु ‘-ण्यात यावे’ ही रचना दोनच ठिकाणी घट्ट रुजली आहे. एक, वरून खाली जाणारा आदेश. आणि दुसरे, मोर्चाने जाऊन द्यावयाचे निवेदन, ज्यात मागण्या तात्काळ मान्य करण्यात याव्यात असे म्हटलेले असते. उमेदवार आदेश देऊ शकत नाही, आणि त्याच्यामागे मोर्चाही नसतो. मग ही रचना त्याच्या पत्रात उसनी आणि किंचित कडक दिसते. आमच्या विद्यार्थिनीचा पहिला मसुदा हुकमासारखा वाटला तो याच कारणाने. तिने त्यात ‘विनंती’ हा शब्द दोनदा घातला होता तरी.

चौथे रूप प्रश्नाचे : ‘पुढची तारीख देता येईल का?’ किंवा ‘मिळू शकेल का?’ जे. एल. ऑस्टिन यांनी हार्वर्ड येथे 1955 मध्ये दिलेली व्याख्याने 1962 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हापासून बोलणे ही एक कृती आहे हा विचार भाषाभ्यासात रुजला. जॉन सर्ल यांनी पुढे 1975 च्या एका निबंधात असे दाखविले की विनंती ज्या अटींवर उभी असते त्यांपैकी एखाद्या अटीविषयी प्रश्न विचारूनही विनंती करता येते. ऐकणाऱ्याला ती गोष्ट करणे शक्य आहे, ही अशीच एक अट. ‘देता येईल का?’ हा प्रश्न नेमका तिच्याविषयी आहे. तुमची इच्छा आहे का असे तो विचारत नाही. तशी सोय आहे का एवढेच विचारतो. लातूरचा मनुष्य ‘जमतंय का बघा की’ म्हणतो तेव्हा तो हेच करीत असतो. त्यात ‘बघा’ हा आज्ञार्थ आहे खरा, पण आज्ञा केवळ पाहण्याची आहे, निर्णय मोकळा आहे. म्हणजे ज्या बोलीची त्याला लाज वाटते, तिच्यात अप्रत्यक्ष विनंतीचे तंत्र पुरेपूर आहे. तेच प्रमाण मराठीत मांडायचे तर ‘शक्य असल्यास कळवावे’ असे होईल. मात्र ‘जमते का बघा’ आणि ‘तेवढे बघा’ यांत गल्लत होऊ नये. दुसऱ्यात ओळखीचा, वशिल्याचा सूर आहे. त्यात नकाराला वाट ठेवलेली नाही.

नकाराला वाट ठेवणे हा या विषयाचा गाभा आहे असे आम्हांस वाटते. अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 च्या निबंधात, आणि त्यांच्या आधारे पेनेलोप ब्राउन व स्टीफन लेविन्सन यांनी 1978 मध्ये व पुढे 1987 च्या ग्रंथात, सौजन्याचा विचार ‘चेहरा’ या कल्पनेभोवती मांडला : प्रत्येकास मान हवा असतो, आणि आपल्या मार्गात कोणी आडवे येऊ नये असेही वाटत असते, विनंती दुसऱ्या इच्छेवर आक्रमण करते म्हणून ती सौम्य करावी लागते. या मीमांसेवर जपानी व चिनी भाषांच्या अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप असा की आदरार्थी रूपे ही बोलणाराने निवडलेली युक्ती नसून समाजाने ठरविलेला शिरस्ता असतो. मराठीपुरते बोलायचे तर हा आक्षेप ‘आपण’ला लागू पडतो. संस्थेस लिहिताना ‘आपण’ वापरल्याने काही मिळत नाही. न वापरल्याने मात्र जाते. आमच्या भागात घरगुती बोलण्यात आदरासाठी ‘तुम्ही’च पुरते, म्हणून ‘आपण’ लिहिताना नवख्याची पत्रे मध्येच ‘तुम्ही’वर घसरतात, ते टाळावे. परंतु ‘आपण’, ‘महोदय’, ‘सन्माननीय’ यांची रास घातली म्हणजे विनंती मृदू झाली, हा भ्रम आहे.

या प्रश्नाला मराठीचा स्वतःचा एक शब्द आहे, आणि तो ‘चेहरा’पेक्षा अधिक उपयोगाचा आहे : भीड. भीड दोन्ही बाजूंनी चालते. मागणाऱ्याला भीड पडते म्हणून तो मागत नाही. आणि मागणारा भीड घालतो म्हणून समोरच्याला नाही म्हणवत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण पहिलीविषयी आहे. दुसरीविषयी म्हण नाही, पण ‘भीड घालणे’ या वाक्प्रचारातच नापसंती आहे. आपल्या अर्जांची परंपरा नेमकी या दुसऱ्या भिडेवर पोसलेली आहे. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेल्या मेस्तकापासून पेशवाईतील मोडी पत्रांपर्यंत, कोणास ‘साष्टांग नमस्कार’, कोणास नुसता ‘नमस्कार’, कोणास ‘आशीर्वाद’ लिहावा, याची चढती-उतरती श्रेणी ठरलेली होती. ती समाजाची गरज होती. तिचे अवशेष म्हणून शाळेत आपण ‘आपला आज्ञाधारक’ लिहावयास शिकलो. आणि पदव्युत्तर पदवी घेऊनही संस्थेस पत्र लिहिताना ‘आपला कृपाभिलाषी’, ‘मोठ्या मनाने’, ‘गरीब शेतकऱ्याचा मुलगा समजून’ असे लिहितो. लिहिणारा खरोखर शेतकऱ्याचा मुलगा असतो, दुष्काळ खरा असतो. आक्षेप त्या सत्याला नाही. परंतु ही वाक्ये समोरच्याला नाही म्हणण्याची मोकळीक ठेवीत नाहीत : नाही म्हणणारा निर्दय ठरतो. स्वतःला जितके खाली न्यावे तितकी दुसऱ्यावरची सक्ती वाढते. दुसरा मसुदा याचनेसारखा का वाटला याचे उत्तर येथे आहे, आणि तो मऊ दिसत असूनही वस्तुतः पहिल्याहून अधिक सक्तीचा होता.

राहिली आजी. आजारपण, लग्न, मयत ही कारणे आपल्याकडे तत्काळ मान्य होतात, कारण ती उमेदवाराच्या हातातली नसतात. तयारीला वेळ कमी पडतो हे कारण मात्र कबुलीजबाबासारखे वाटते. पण भाषेत येथेही फरक करता येतो. ‘माझा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य भूतकाळातील उणिवेविषयी आहे. ‘तयारीसाठी थोडा अवधी मिळावा’ हे पुढे करावयाच्या कामाविषयी आहे. शिवाय ‘तयारी’ हा शब्द पुरेसा रुंद आहे : त्यात प्रवासाची तयारी येते, कागदपत्रांची येते, विषयाचीही येते. जे खरे आहे तेच सांगून नको ते न सांगण्याची सोय एखादा शब्द देत असेल तर तो वापरावा. पत्र मुलाखतीच्या दोनच दिवस आधी मिळाले, हे खरे व पुरेसे कारण आहे. ते तारखेसह लिहावे, म्हणजे वाचणारा स्वतःच हिशेब करतो. खोट्या कारणाची आणखी एक भाषिक अडचण अशी की ते लांबत जाते. खरे कारण एका वाक्यात बसते. आजीला मात्र रुग्णालय लागते, डॉक्टर लागतात, आणि मुलाखतीच्या दिवशी ‘आता आजी कशा आहेत?’ या प्रश्नाला उत्तर लागते.

कोणाकडे मुदत मागावी, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतींचे वेळापत्रक शेकडो उमेदवारांसाठी आखलेले असते. तेथे केवळ तयारीसाठी तारीख बदलून मिळण्याची आशा करू नये. महाविद्यालयातील अध्यापकपदाच्या निवड समितीत कुलगुरूंचे प्रतिनिधी व बाहेरगावचे विषयतज्ज्ञ असतात. त्या सर्वांना एका दिवशी एकत्र आणताना प्राचार्यांची दमछाक होते, आणि तो दिवस एका उमेदवारासाठी हलत नाही. खासगी संस्था, प्रकाशनगृहे, कंपन्या, संशोधन प्रकल्प येथे मुलाखती पुष्कळदा अनेक दिवस चालतात. तेथे विचारण्यात गैर काही नाही. अशी पत्रे हल्ली बहुधा ई-मेलने आणि इंग्रजीत जातात. पण इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचे ‘काइंडली’ हे ‘कृपा करून’चे भाषांतर असते आणि त्याच्या ‘रिक्वेस्ट’मागे ‘ही नम्र विनंती’ उभी असते. म्हणून वरील विचार त्या पत्रालाही लागू आहे.

विद्यार्थिनीचा चौथा मसुदा आम्ही वर्गात मिळून केला. तो असा :

‘आपले मुलाखतीचे पत्र काल, दिनांक 11 रोजी मिळाले, आभारी आहे. मुलाखत दिनांक 13 रोजी आहे. नांदेडहून येण्याचा प्रवास लक्षात घेता, आपण कळविलेल्या विषयांची तयारी मला हवी तशी करता येणार नाही. मुलाखती एकाहून अधिक दिवस चालणार असल्यास मला दिनांक 18 नंतरची एखादी तारीख मिळू शकेल का? ते शक्य नसल्यास मी दिनांक 13 रोजी ठरल्या वेळी उपस्थित राहीन.’

वर्गात एका विद्यार्थ्याने शेवटच्या वाक्यास हरकत घेतली. असे लिहिल्यावर ते मुदत कशाला देतील, असे त्याचे म्हणणे. हरकत योग्य आहे. त्या वाक्याने मागणीचा जोर कमी होतो यात संशय नाही. परंतु ते काढून पाहिले असता असे दिसले की आधीच्या प्रश्नातील ‘का’ खोटा पडतो. तारीख न बदलल्यास उमेदवार येणार नाही, असा त्याचा अर्थ वाचणाऱ्याला घेता येतो, आणि मग तो प्रश्न न राहता अट होतो. शेवटच्या वाक्याने ‘मिळू शकेल का’ हा खरा प्रश्न होतो : त्याचे उत्तर ‘नाही’ असले तरी कोणाचे काही बिघडत नाही. ‘उपस्थित राहीन’ हा साधा भविष्यकाळ त्या सबंध पत्रातील एकमेव विधान आहे ज्याचा कर्ता लिहिणारी स्वतः आहे आणि ज्यात तिला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. ‘उपस्थित राहीनच’ असा निश्चयार्थी ‘च’ लावावा असे काहींनी सुचविले. तो आम्ही लावला नाही.

उत्तर आलेच नाही तर काय, हा प्रश्न वर्गाच्या अखेरीस निघाला. संस्थांचे मौन हे मराठी पत्रव्यवहाराचे जुने अंग आहे, आणि त्याचा अर्थ नेहमी एकच असतो : पहिली तारीख कायम. तेव्हा पत्र पाठवून झाले की त्याच दिवशी गाडीचे आरक्षण करून ठेवावे.